शेगडीपाशी काय अंथरावं?

प्रश्न : ताई, दिवाळीत आम्ही सासूबाईंच्या खोलीत जमिनीवर लाकडासारखं दिसणारं व्हिनाइल (प्लास्टिकचं अंथरण) टाकलं. थंडीत त्यांना शेगडी लागतेच. ठिणग्या उडून सात-आठ काळे डाग पडले. सतरंजी अंथरली, तर तिलाही भोक पडलं. आता नायलॉनचा जाड गालिचा घेऊ का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : नायलॉन नकोच. ठिणगी पडली की ते वितळतं, आणि तो चिकट गोळा कातडीला लागला तर सुटत नाही. सतरंजी सुताची. घरात साठवलेल्या कापसात विस्तव कसा आतल्या आत चालतो, ते तुम्ही कपाशीच्या मुलखातल्या, तुम्हाला मी काय सांगू? सतरंजीतही तेच होतं.

घोंगडी घ्या. खरी, मेंढीच्या लोकरीची. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. सुताला जळत राहायला १८ टक्के पुरतो, लोकरीला साधारण २५ लागतो. म्हणून लोकरीवरची ठिणगी बहुधा काळा ठिपका पाडून विझते. माझ्या आईच्या घोंगडीवर असे कितीतरी ठिपके होते. नखाने खरवडले की काळा भुगा पडायचा, खाली वीण शाबूत.

धुळ्याकडच्या ठेलारी मेंढपाळांकडे विचारून पाहा. बाजारात घेणार असाल तर काठाचा एक धागा काढून दुकानाबाहेर पेटवा. केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर. कडक मणी झाला तर परत करा. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, ती टोचते. वापरून मऊ होईल.

पण घोंगडी शेगडीखाली घालू नका, समोर हातभर अंतरावर घाला. शेगडीखाली शहाबादी फरशीचा तुकडा हवा, नुसत्या व्हिनाइलवर शेगडी नको. पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या), ओली बाभूळ खोलीत जाळू नका. ओल्या लाकडातलं पाणी वाफ होऊन फुटतं आणि ठिणग्या उडतात. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून अंगणात ठेवा, सकाळीसुद्धा तिच्यात निखारा जिवंत सापडतो.

आणि हे डागांपेक्षा मोठं आहे : सासूबाई झोपायच्या आधी शेगडी खोलीबाहेर काढा, पेटती असेतो खिडकी उघडी ठेवा. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. रात्री उब हवी तर तशीच दुसरी घोंगडी त्यांच्या अंगावर घाला.