एम४ पासून सुरुवात कर

बंदिस्त तारकागुच्छांत (ताऱ्यांच्या गोल, दाट गुच्छांत) रूपविकारी, म्हणजे उजेड कमीजास्त होणारे, तारे बघायचे तर त्यातल्या ओमेगा सेंटॉरी या गुच्छाचा मोह मलाही झाला होता. पण महाराष्ट्रातून तो दक्षिण क्षितिजापासून फार वर येत नाही, आणि क्षितिजाजवळची हवा प्रतिमा पुसट करून टाकते. त्यापेक्षा ज्येष्ठा ताऱ्याशेजारचा एम४ हा गुच्छ घे. सुमारे 6000 प्रकाशवर्षांवरचा, म्हणजे बंदिस्त तारकागुच्छांत शेजारीच, आणि गाभाही फार दाट नाही. त्यातले आरआर लायरी तारे (काही तासांत उजळणारे-मंदावणारे रूपविकारी) साधारण 13व्या प्रतीचे आहेत; प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक. लहान दुर्बीण आणि कॅमेरा पुरतो.

नवे रूपविकारी शोधायची घाई नको. खगोलशास्त्रज्ञ हेलन सॉयर हॉग यांनी 1939मध्ये केलेली अशा ताऱ्यांची यादी पुढे वाढत गेली आहे. आधी त्यातले ज्ञात तारे तुझ्या मोजमापात सापडतात का बघ. गर्दीत ताऱ्यांचा उजेड एकमेकांत मिसळतो, म्हणून चांगल्या रात्रीची प्रतिमा प्रमाण मानून बाकीच्यांतून वजा कर. जो बदलला, तोच उरतो. (वजाबाकीत कचराही उरतो, त्याला भुलू नकोस.)

खरी फसगत आवर्तकाळात, म्हणजे उजळण्या-मंदावण्याच्या एका फेऱ्याला लागणाऱ्या वेळात, होते. रोज रात्रीच निरीक्षण केलं, की मधल्या वेळात किती फेरे झाले ते कळत नाही, म्हणून 0.4 दिवसांचा तारा 0.667 किंवा 0.286 दिवसांचाही वाटू शकतो. तिन्ही आकडे आरआर लायरीला शोभतात! एकाच रात्री सलग पाच-सहा तास मोजमाप घेतलंस, तर गुंता सुटायला मदत होते.

जोडतारे (एकमेकांभोवती फिरताना एकमेकांना झाकणारे) नंतर बघ, ते बरेच अंधूक असतात. एकमेकांना चिकटलेल्या जोडीत दोन्ही ग्रहणं जवळजवळ सारखी दिसतात, त्यामुळे संगणक निम्माच काळ सांगतो. दुप्पट करून आलेख पुन्हा काढ.