बीफ (मांसासाठी पाळलेल्या) जातीच्या गायी वेळेवर भरवूनही (रेतन करूनही) २१ दिवसांनी परत का उलटतात, म्हणजे पुन्हा माजावर का येतात? यात हार्मोनचा काय रोल असतो?

बहुतेक वेळा गर्भ धरलेला असतो हो, टिकत नाही एवढंच, आणि लोक उगाच सीमेनला दोष देत बसतात. माजाआधी मोठ्या फॉलिकलमधून (अंडाशयातली बीज वाढवणारी पिशवी) इस्ट्रोजेन, म्हणजे माजाचं हार्मोन, नीट सुटलं पाहिजे, गाय चांगली माजावर आली नसेल तर गडबड तिथूनच सुरू. मग बीज सुटलं की त्या जागी कॉर्पस ल्युटियम नावाची गाठ तयार होते, ती प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं हार्मोन बनवते आणि त्याच्यावरच गर्भाशय गर्भाला खायला घालतं, कारण तेव्हा गर्भ अजून चिकटलेलाही नसतो, नुसता तरंगत असतो. खरी मजा १५ ते १७ व्या दिवशी. गर्भ तोवर दोऱ्यासारखा लांब झालेला असतो आणि इंटरफेरॉन टाऊ हे सिग्नलचं प्रथिन सोडून गर्भाशयाला सांगतो की मी आहे, प्रोस्टाग्लँडिन (कॉर्पस ल्युटियम मोडणारं हार्मोन) सोडू नको. प्रोजेस्टेरॉन उशिरा वाढलं की गर्भ छोटा राहतो, सिग्नल कमी पडतो, प्रोस्टाग्लँडिन कॉर्पस ल्युटियम मोडतं आणि गाय परत माजावर. म्हणून या नाजूक काळात गाईला ताण देऊ नका: भरवल्यावर ५ व्या दिवसापासून साधारण ४२ व्या दिवसापर्यंत गाडीतून लांब नेऊ नका आणि चारा एकदम कमी करू नका. न्यायचंच असेल तर पहिल्या ४ दिवसांत न्या.