रोमन सैन्याचं ते काशाचं धान्यमाप म्हणजे शेतकऱ्यांच्या लुटीचा पुरावा आहे का?

तुम्ही म्हणताय ते माप कार्वोरनचं. उत्तर इंग्लंडात रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेल्या भिंतीलगतच्या या रोमन ठाण्याजवळ १९१५ साली ते एका पोस्टमनला सापडलं. आता चेस्टर्सच्या संग्रहालयात आहे. दिसायला चक्क बादली, पण अंगावर कोरलंय: १७½ सेक्स्टारियसला (हे रोमन माप) तपासलेलं, वजन ३८ पौंड. (हे रोमन पौंड. तरी रिकामंच १२ किलोच्या वर!)

एक सेक्स्टारियस साधारण अर्ध्या लिटरहून थोडा जास्त. म्हणजे मावायला हवेत साडेनऊ लिटर. काठोकाठ भरलं तर मावतात ११ लिटरच्या वर. 'मापात पाप' ही शंका आली ती इथून.

मला ती फारशी पटत नाही. आमच्या आजीकडे पायली होती. धान्य घेताना शिगोशीग, देताना वरून हात फिरवून सपाट. पायली तीच! रोमन कारकून काठापर्यंतच भरत होता हे कशावरून? आत पातळी दाखवणारी पट्टी असावी, ती पुढे निघून गेली, असं म्हणणारे अभ्यासक आहेतच. शिवाय १७½ हा आकडा बघा. नेहमीचा मोडियस, म्हणजे रोमन धान्यमाप, १६ सेक्स्टारियसचा. मग हे वरचे दीड कुठून आले? रोजचे अडीच धरले तर सात दिवसांचे बरोबर साडेसतरा होतात, म्हणून हा एका शिपायाचा आठवड्याचा शिधा असावा असा एक अंदाज आहे. तसं असेल तर मोठ्या मापाने खोट बसते ती कोठाराला, शेतकऱ्याला नाही.

अर्थात सैन्य धुतल्या तांदळासारखं नव्हतं. रोमन इतिहासकार टॅसिटसने ब्रिटनमधल्या धान्यवसुलीबद्दल लिहून ठेवलंय: लोकांना बंद कोठारांपुढे ताटकळत बसवायचं, तिथलंच धान्य विकत घ्यायला लावायचं, आणि छावणी शेजारी असली तरी वसुलीचं धान्य कुठल्या कुठे पोचवायला सांगायचं. एवढं राजरोस चालत असताना माप बिघडवायची गरज काय?

मला त्या मापावरची दुसरीच गोष्ट जास्त आवडते. त्यावर सम्राट डोमिशियनचं नाव होतं. इ.स. ९६ मध्ये त्याचा खून झाला, सिनेटने त्याच्या नावावर बोळा फिरवायचा ठरवला, आणि या मापावरूनही ते खरवडून काढलं गेलं. पण खरवडणाऱ्याने 'जर्मनिकस' ही पदवी आणि 'पंधराव्यांदा कॉन्सल' (कॉन्सल म्हणजे रोममधलं वर्षभराचं सर्वोच्च पद) हे शब्द तसेच ठेवले. त्यामुळे माप कुणाच्या काळातलं ते तर कळतंच, वर सालही कळतं: इ.स. ९० किंवा ९१. म्हणजे भिंतीपेक्षा तीसेक वर्षांनी जुनं.