क्रेडिट युनियनच्या आकडेवारीची तुलना करायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि त्यात नेमकं काय बघावं?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या तीन-चार क्रेडिट युनियनची (सभासदांच्या मालकीच्या, आपल्या पतसंस्थांसारख्या संस्थांची) कामगिरी शेजारीशेजारी ठेवून बघायची आहे, तर पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यावं का. मी याच डेटावर काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे समजून घ्या की कॅलहनचं पीअर घ्या, एस अँड पीचं कॅपिटल आयक्यू घ्या (ही दोन्ही विकतची सॉफ्टवेअर) नाहीतर स्वतः एक्सेलमध्ये करा, मूळ डेटा बहुतेक एकच असतो, एनसीयूएचा, म्हणजे क्रेडिट युनियनवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा, 5300 कॉल रिपोर्ट हा आर्थिक माहितीचा फॉर्म. फेडरल विमा असलेली प्रत्येक क्रेडिट युनियन तो दर तिमाहीला भरते आणि एनसीयूएच्या साइटवर सगळ्यांचा डेटा झिप फाइलमध्ये फुकट मिळतो. पैसे तुम्ही मोजता ते तयार चार्ट, जुन्या वर्षांची जुळवलेली मालिका आणि हवा तसा पीअर ग्रुप (तुलनेसाठी सारख्या संस्थांचा गट) बनवायच्या सोयीसाठी. तीन-चारच संस्था असतील तर एनसीयूएचा एफपीआर (फायनान्शियल परफॉर्मन्स रिपोर्ट) काढा, त्यात रेशो काढलेले असतात आणि पीअरची सरासरीही शेजारी असते. शंभरेक संस्था दर तिमाहीला बघायच्या असतील तरच विकतचं टूल परवडतं असं माझं मत आहे.

आता खरी गंमत पीअर ग्रुपमध्ये आहे. एनसीयूएचे गट फक्त मालमत्तेच्या आकारावर पडतात, आणि सगळ्यात वरचा गट 50 कोटी डॉलरच्या पुढे सुरू होतो, म्हणजे 60 कोटीवाली आणि हजारो कोटींची संस्था एकाच रांगेत, मग त्या सरासरीला काय अर्थ राहिला सांगा. शिवाय एकीचा धंदा डीलरकडून येणाऱ्या गाडीच्या कर्जांवर चालतो, दुसरीचा घरकर्जावर, त्यांची थकबाकी आणि व्याजाचं मार्जिन वेगळं असणारच. त्यामुळे आकार, कर्जांचं मिश्रण आणि जमलं तर राज्य, असे फिल्टर लावून दहा-पंधरा संस्थांचा स्वतःचा गट करा. अर्धा दिवस जाईल पण सगळ्या कामात हाच वेळ सगळ्यात सत्कारणी लागतो.

स्वतः आकडे काढणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कॉल रिपोर्टमधलं उत्पन्न वर्षाच्या सुरुवातीपासून साठत गेलेलं असतं. मार्चचं निव्वळ उत्पन्न 10 लाख डॉलर आणि सरासरी मालमत्ता 40 कोटी असेल तर आरओए (मालमत्तेवरच्या नफ्याचा टक्का) 0.25 टक्के नाही, चारने गुणून 1 टक्का. जूनला दोनने गुणायचं, सप्टेंबरला 4/3 ने, डिसेंबरला काहीच नाही. आणि 2022 च्या मार्चपासून फॉर्मच बदलला, बरेच अकाउंट कोड (फॉर्ममधल्या प्रत्येक आकड्याचा ठरलेला कोड) बदलले, त्यामुळे जुनी मालिका जोडताना मध्येच एखादा आकडा शून्य दिसला तर आधी कोड तपासा.

रेशो एकेकटे वाचू नका. कर्जवाटप झपाट्याने वाढतंय तेव्हा थकबाकीचा टक्का आपोआप कमी दिसतो, कारण भागाकारातला खालचा आकडा, म्हणजे एकूण कर्जं, फुगतो आणि नवीन कर्जं थकायला वेळ लागतो, म्हणून थकबाकीसोबत चार्ज-ऑफ (बुडीत धरून काढून टाकलेली कर्जं) आणि कर्जवाढ दोन्ही बघाच. बँकेशी तुलना करत असाल तर इथे थकबाकी 60 दिवसांपासून मोजतात, बँकांचे आकडे बरेचदा 90 दिवसांचे असतात. नेट वर्थ रेशो (मालमत्तेच्या तुलनेत संस्थेचं स्वतःचं भांडवल) 7 टक्क्यांच्या वर असेल तर साधारणपणे संस्था भक्कम भांडवलाची धरतात, पण पाच वर्षांत तो 11 वरून 8 वर आला असेल तर का आला ते शोधा, ठेवी एकदम वाढल्या म्हणून की नफाच आटला म्हणून. 2023 पासून बहुतेक संस्थांना सेसिल (कर्जांवरचा संभाव्य तोटा आधीच धरायचा हिशेबाचा नियम) लागू झालं, तेव्हा 2022 आणि 2023 च्या बुडीत कर्जांसाठीच्या तरतुदी सरळ शेजारी ठेवल्या तर फसगत होते. विलीनीकरण झालं असेल तर एका तिमाहीत मालमत्ता 20 टक्के वाढलेली दिसते, ती वाढ कमावलेली नसते.

आणि आरओए जास्त म्हणजे संस्था चांगली, हे इथे सरळ लागू होत नाही, कारण मालक सभासदच आहेत. ठेवीवर जास्त व्याज देणारी आणि कर्जावर कमी व्याज घेणारी संस्था आरओएमध्ये मागे दिसेल, तरी सभासदांचं तिथे भलंच होत असतं. म्हणून माझ्या शीटमध्ये आरओएच्या शेजारीच ठेवींवरचा खर्च आणि कर्जांवरचा यील्ड (मिळणाऱ्या व्याजाचा टक्का) हे दोन कॉलम कायम असतात. तुम्ही आधी त्या तीन-चार संस्थांचे मागच्या पाच डिसेंबरचे एफपीआर उतरवून घ्या, एवढ्यात तुमचं काम झालं तर सॉफ्टवेअरवर खर्च करूच नका.