पणजीहून शिडाच्या होडीनं मित्रांसोबत वानखेडेवर मॅच बघायला जाता येईल का?

येईल, पण डिसेंबर ते फेब्रुवारीतच, आणि मॅचच्या किमान चार दिवस आधी निघा. मांडवीच्या मुखापासून मुंबई साधारण सव्वादोनशे सागरी मैल. ताशी पाच मैलांनी दोन दिवसांत पोचू असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात दुपारनंतर वायव्येकडून येणारा वारा थेट तोंडावर असतो, म्हणजे नागमोडी जाणं आलं आणि अंतर वाढलं. मी या किनाऱ्यावर शिडं हाकतो, त्यावरून सांगतो: पहाटेचा मतलई वारा पकडून उत्तरेकडे सरका, दुपारी शिडं उतरवून इंजिन लावा, नाहीतर विजयदुर्ग किंवा जयगडच्या आडोशाला नांगर टाका. रात्री एकजण पुढे बॅटरी घेऊन बसलाच पाहिजे. मासेमारीच्या जाळ्यांचे बोये काळे, बिनदिव्याचे असतात आणि दोरी इंजिनाच्या पंख्यात गुंतली की मॅच विसरा. मुंबईत होड्या गेटवेसमोर नांगरतात, तिथून टॅक्सीनं वानखेडेलगतचं चर्चगेट जवळच. बंदर खात्याची परवानगी आणि नांगरायची जागा मात्र आधी ठरवून ठेवा.

मॅच ऑक्टोबरमध्ये असेल तर सरळ कोकण रेल्वेचं तिकीट काढा. २४ ऑक्टोबर २०१० ला आपल्या मडगावच्या फातोर्डा मैदानावरची भारत-ऑस्ट्रेलिया वनडे एकही चेंडू न पडता पावसात गेली होती, आणि तेव्हा प्रेक्षक निदान जमिनीवर तरी होते.