वाचकांचे प्रश्न : एक्मोच्या सर्किटमधली गुठळी

प्रश्न : माझा धाकटा भाऊ न्यूमोनियामुळे नाशिकला आयसीयूत एक्मोवर, म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून त्यात ऑक्सिजन मिसळून परत सोडणाऱ्या मशीनवर, आहे. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन चालू होतं. काल नाकातून रक्त थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी ते बंद केलं. आता मशीनमध्ये गुठळी होणार नाही का?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे, पण रक्तस्राव होत असताना हेपॅरिन थांबवणं हेच योग्य. प्लास्टिकला लागताच काही सेकंदांत रक्तातलं फायब्रिनोजेन त्यावर बसतं, त्याला प्लेटलेट चिकटतात आणि गोठणं सुरू होतं. कृत्रिम फुप्फुसात, म्हणजे ऑक्सिजनेटरमध्ये, रक्त बारीक पोकळ तंतूंच्या जवळपास दोन चौरस मीटर पृष्ठभागाला लागतं. म्हणून नळ्या घालताना किलोमागे ५० ते १०० युनिट हेपॅरिन देतात, पुढे तासाला किलोमागे साधारण १० ते २० युनिट. एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी तपासणी) बहुतेक ६० ते ८० सेकंदांत ठेवतात, रक्तस्रावाचा धोका असेल तर त्याहून कमी.

औषध बंद केल्यावर असर तास-दीड तासात निम्म्यावर येतो. मग राखण करतो तो रक्ताचा प्रवाह. तुमच्या ठिबकच्या लॅटरलमध्ये गाळ टोकाला, पाणी मंदावतं तिथे बसतो, रक्ताचंही तसंच. नळ्यांना आतून गोठणरोधक लेप असतो. प्रवाह मिनिटाला तीन-चार लिटर राहिला, तर फुप्फुसासाठीच्या एक्मोवर (शिरेतून घेऊन शिरेतच सोडणाऱ्या) काही तास, अनेकदा काही दिवसही हेपॅरिनशिवाय निभावतं. दोन लिटरच्या खाली गेला की धोका वाढतो. डॉक्टरांना एवढंच विचारा : प्रवाह किती आहे, आणि द्रावणाने भरून तयार ठेवलेलं दुसरं सर्किट (नळ्या, पंप, ऑक्सिजनेटरचा संच) हाताशी आहे का?

प्रश्न : नाइट ड्यूटीत ऑक्सिजनेटरच्या कोपऱ्यात काळे डाग दिसले. लगेच बदलायला सांगायचं का?
– एक सिस्टर, सिडको

उत्तर : नुसत्या डागांवरून नाही. कोपऱ्यात रक्त रेंगाळतं, तिथे लहान काळ्या गुठळ्या होतातच. दर शिफ्टला टॉर्च लावून डाग नोंदवा : जागा, आकार, वेळ. रक्त आत शिरतं त्या बाजूचे डाग तंतूंत अडकतात. बाहेर पडण्याच्या बाजूला पांढरे धागे किंवा हलणारी गुठळी दिसली, तर त्याच क्षणी परफ्युजनिस्टला (हे मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाला) बोलवा; ती थेट रुग्णात जाते. नळ्यांचे कनेक्टर आणि थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) विसरू नका, गुठळ्या तिथेच आधी धरतात.

खरी खूण प्रेशरची. ऑक्सिजनेटरच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर वजा करा. समजा, चार लिटर प्रवाहाला काल फरक २० मिमी (पारा) होता, आज तेवढ्याच प्रवाहाला ४५. म्हणजे आत अडथळा वाढतोय. प्रवाह बदलला असेल तर ही तुलना फसवी. जोडीला डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारा तुकडा) चढत असेल, प्लेटलेट घसरत असतील, १०० टक्के ऑक्सिजनवरही ऑक्सिजनेटरनंतरच्या रक्तातला पीओटू (ऑक्सिजनचा दाब) २०० मिमीच्या खाली असेल, तर बदलण्याची तयारी करायला सांगा. मात्र तंतूंत पाणी साचूनही वायूंची देवाणघेवाण कमी होते. आधी काही सेकंद स्वीप गॅस (तंतूंतून वाहणारा वायू) वाढवून ते पाणी उडवतात. तुमच्या युनिटच्या पद्धतीप्रमाणेच करा.

पंप हेडमधून खरखर आली आणि लघवी लालसर-तपकिरी झाली, तर गुठळी पंपात असू शकते आणि लाल पेशी फुटत असाव्यात. आणि हेपॅरिन सुरू केल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवशी प्लेटलेट निम्म्यावर आल्या, तर डॉक्टरांना तातडीने सांगा : हेपॅरिनच गुठळ्या करत असेल, तर डोस वाढवणं घातक. अशा वेळी हेपॅरिन पूर्ण बंद करून, लाइन धुण्याच्या फ्लशमधलंसुद्धा, बायव्हॅलिरुडिन किंवा अर्गाट्रोबॅन या दुसऱ्या गोठणरोधक औषधांवर जावं लागतं.