ग्राफमध्ये बेस कमी दिसतोय, मग हेडफोन्स घेऊ की नको?

प्रश्न : ओपन-बॅक प्लॅनर मॅग्नेटिक (सपाट, पातळ पडद्याचे) हेडफोन्स घ्यायचेत, ३७ ओहमचे, १ मिलिवॉटला ९४ डीबी. ऐकणं बहुतेक शास्त्रीय, डोळ्याला चष्मा. ग्राफमध्ये (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज ते दाखवणाऱ्या रेघेत) बेस हरमन टार्गेटच्या खाली आहे, दीड-दोन किलोहर्ट्झला खड्डा आणि ९ किलोहर्ट्झला सुळका दिसतो. मित्र म्हणतो, असला ग्राफ बघून पैसे घालू नकोस. शिवाय वेगळा अ‍ॅम्प लागेल का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : मित्राने ग्राफ बघितला हे चांगलंच केलं, पण तिन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्यात, तिथे गडबड झाली.

आधी बेस. हरमन टार्गेट म्हणजे हरमन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी वगैरे संशोधक मंडळींनी लोकांना ऐकवून ऐकवून काढलेली सरासरी आवड, आणि त्यात साधारण १०० हर्ट्झच्या खाली बेस मुद्दाम चढवलेला असतो. त्यामुळे रेघ टार्गेटच्या खाली असली म्हणून बेस नाही असं होत नाही, ती २०-३० हर्ट्झपर्यंत सरळ जाते की घसरत जाते ते बघा. चांगल्या प्लॅनरची सरळ जाते आणि तबल्याच्या बायाँची (डग्ग्याची) घुमक तिथे व्यवस्थित कळते.

मात्र तुमचा चष्मा! ओपन-बॅक म्हणजे मागून उघडा, पुढे कान आणि हेडफोनचा पडदा यांच्यामधली जागा बंदच लागते. मोजणीच्या कृत्रिम कानावर पॅड नीट बसतो, तुमच्याकडे चष्म्याच्या काडीमुळे कानाच्या मागे-वर फट राहते आणि बेस तिथून निसटतो. दुकानात तबला लावा, दोन्ही कप हाताने हलकेच दाबा, बेस एकदम वाढला तर फट आहे असं समजा. मग बारीक काडीची फ्रेम किंवा मऊ पॅड, हाच उपाय.

दीड-दोन किलोहर्ट्झचा खड्डा मात्र खरा माना, बऱ्याच प्लॅनरमध्ये असतो, दुसऱ्या कुणाच्या मोजणीतही दिसला तर शंकाच नको. गाणारा दोन पावलं मागे बसल्यासारखा वाटतो, काहींना तेच आवडतं, नाही आवडलं तर इक्वलायझरमध्ये तिथे रुंद असा २-३ डीबी चढवा.

९ किलोहर्ट्झच्या सुळक्यावर मी एक रुपयाचाही निर्णय घेणार नाही. तिथे ध्वनीची तरंगलांबी जेमतेम ३.८ सेंटिमीटर, म्हणजे कानाच्या पाळीएवढीच, हेडफोन जरा सरकला की सुळका सरकतो, आणि तुमचा कान म्हणजे काही ते मोजणीचं यंत्र नाही. आवाज कमी ठेवून ६ ते १२ किलोहर्ट्झचा स्वीप (हळूहळू चढत जाणारा एकच सूर) सावकाश ऐका, तानपुऱ्याची जवारीही लावून बघा. टोचलं तर जिथे टोचतंय तिथेच कमी करा, ग्राफ सांगतो तिथे नाही. आणि ३ किलोहर्ट्झजवळच्या मोठ्या उंचवट्याला घाबरू नका बरं का, आपला कानच तिथे आवाज वाढवतो, तो हवाच.

अ‍ॅम्प सध्या नको. फोनला लावायचा, १ व्होल्ट देणारा साधा डोंगल घेतलात तरी ३७ ओहममध्ये २७ मिलिवॉट जातात, म्हणजे जवळपास १०८ डीबी, कानाला नको इतका आवाज. हायफायमॅन कंपनीच्या जुन्या एचई-६ हेडफोनची गोष्ट वेगळी, १ मिलिवॉटला ८३.५ डीबी आणि ५० ओहम, त्याला ११० डीबी गाठायला जवळजवळ अर्धा वॉट लागतो. प्लॅनरचा इम्पिडन्स (तो ओहममधला विरोध) सगळ्या फ्रिक्वेन्सींना जवळपास सारखाच, त्यामुळे अ‍ॅम्प बदलल्याने टोन बदलेल ही आशा ठेवू नका. फक्त ते ९४ डीबी खरंच मिलिवॉटला आहेत ना, का व्होल्टला, हे बॉक्सवर वाचून घ्या, ३७ ओहमला त्यात १४ डीबीचा फरक पडतो आणि व्होल्टला निघाले तर मात्र अ‍ॅम्प घ्यावाच लागेल.